बरणीला मोगऱ्याचा चहा

लुआन मिस्त्रींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काचेची बरणी आहे आणि त्या बरणीत त्यांची बायको राहते, असं शेजारच्या च्याओ वहिनी म्हणायच्या. बोलण्यात थट्टा होती, पण खोटं फारसं नव्हतं. बायकोला, युनश्याला, जाऊन तीन महिने झाले होते, आणि मिस्त्री सकाळी उठले की आधी बरणीकडे जात, मग तोंड धुवायला.

बरणीत हायबाओ होता. हायबाओ म्हणजे समुद्रातला ठेवा; आता समुद्राशी त्याचा संबंध एवढाच, की चीनच्या किनाऱ्यावरच्या यिंगखौ बंदरातल्या माणसाला कुठलीही चांगली गोष्ट समुद्रातूनच आल्यासारखी वाटते. गोड कोऱ्या चहावर तरंगणारा एक जाडसर, पिवळट, चिवट पापुद्रा. त्याला सगळे 'आई' म्हणत. आठ दिवसांत चहा आंबतो, जिभेला चुरचुरतो, आणि तो पेलाभर प्यायला की माणसाचं पोट, गुडघे, केस आणि काहींच्या मते स्वभावसुद्धा सुधारतो. आई आपल्या अंगाला नवा थर धरते. ती लेक. लेक घरात ठेवायची नाही, मागेल त्याला द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत आणि नाही म्हणायचं नाही. आपली मेली तर जिला लेक दिली तिच्याकडून मागून आणायची. लग्नाच्या मुलींच्या बाबतीतसुद्धा एवढे सरळ नियम यिंगखौत नव्हते.

सतरा वर्षांपूर्वी गिरणीच्या चाळीत या हायबाओला असा काही ऊत आला होता की ज्याच्या घरी बरणी नाही त्याच्याकडे लोक संशयाने बघत. जुन्या काळी कुठल्याशा बादशहाने अमर व्हायचं औषध शोधायला याच समुद्रातून गलबतं पाठवली होती, ती परत आलीच नाहीत. गिरणीच्या कताई खात्यातल्या बाया सांगत, की औषध सापडलं, फक्त बादशहाऐवजी आपल्याला मिळालं. युनश्या कताई खात्यात होती. तिच्या बरणीने किती लेकी दिल्या त्याची मोजदाद नव्हती.

लुआन मिस्त्री त्याच गिरणीत बॉयलरवर. बॉयलरच्या पोटात कुठे दुखतंय हे त्यांना नुसता कान लावून कळायचं. साहेब लोकसुद्धा टोपी काढायचे. स्वतः ते हायबाओ पीत नसत. त्यांचा मोगऱ्याचा चहा ठरलेला. झाकणाच्या बाटलीत दोन चिमटी पत्ती, दिवसभर वरून गरम पाणी. घरात चांगला चहा तेवढाच यायचा आणि तो त्यांचा होता. बरणीला दुकानातली खालची भुकटी. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. युनश्यालाही नसावं, असा मिस्त्रींचा समज होता.

पण बायकोचं पोट दुखू लागल्यापासून रोज सकाळी हायबाओचा पेला ते स्वतः तिच्या हातात देत. "घे, ढकल. काही होत नाही." यिंगखौतला नवरा याहून जास्त प्रेम करत नाही, आणि करत असला तर चाळीला कळू देत नाही. ती पेला घ्यायची. हिवाळा लागला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, पोटातली गाठ, फार उशीर झाला.

मग एके दिवशी मिस्त्रींच्या मनाने घेतलं, की हिने जन्मभर भुकटीवर काढली, आता तरी हिला चांगला चहा मिळू दे. ते बाजारात गेले आणि अख्ख्या कळ्या दिसणारा, पत्र्याच्या डब्यातला मोगऱ्याचा चहा घेऊन आले. तो उकळला, साखर घातली, निवू दिला आणि कळ्यांसकट बरणीत ओतला. पापुद्र्यावर पांढऱ्या कळ्या तरंगत होत्या. मिस्त्री बराच वेळ बघत उभे राहिले. लग्नातसुद्धा तिच्या केसांत फूल नव्हतं. तेव्हा फुलं माळायची सोय नव्हती, रिवाज बदलला होता; नटणंमुरडणं वरच्यांना खपत नसे.

तिसऱ्या दिवशी कळ्यांना लव फुटली. आधी पांढरी, मग हिरवी. सहाव्या दिवशी आई काळी पडून तळाशी गेली.

"अहो मिस्त्री!" च्याओ वहिनींनी फडकं वर करून नाकाला पदर नव्हता म्हणून बाही लावली. "फुलं घातलीत? बरणी आहे की थडगं? आईला भुकटी लागते हो, भुकटी! सुवास तिला मानवत नाही."

"मला काय माहीत."

"सतरा वर्षं घरात होती."

मिस्त्रींनी फडकं परत बरणीवर ओढलं. त्याच संध्याकाळी तालिएनहून लेकीचा फोन आला. निंग म्हणाली, "बाबा, थडगी झाडायच्या सणाला येतेय. आईच्या हायबाओची लेक मला काढून ठेवा. तिची तेवढी एक वस्तू घरी नेईन म्हणते. बरी आहे ना बरणी?"

"ठणठणीत," मिस्त्री म्हणाले.

आता आली का पंचाईत. सण आठ दिवसांवर. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री युनश्याने दिलेल्या लेकी शोधत चाळीत फिरू लागले. सुरुवात शेजारून.

"माझ्या बरणीत केव्हाच बदकाची अंडी खारवलीत," च्याओ वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच तर हसायचात. 'बेडकाचं दूध पिता का गं' म्हणून."

"मी असं म्हणालो?"

"जिन्यातून ओरडून."

वरच्या मजल्यावर कू आजोबा होते. ते डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घालून पाटावर बसले होते. त्या वर्षी हवेतली शक्ती डोक्यात ओढायची टूम निघाली होती.

"हायबाओ?" पातेल्याखालून आवाज आला. "ते जुनं झालं, पोरा. टाकलं मी. पोटातून काही होत नसतं, सगळं डोक्यातून होतं. बस इथे, तुलाही पातेलं देतो."

"माझी आई गेलीय, आजोबा. म्हणजे बरणीतली."

"मग बसच."

कुणी कोंबड्यांना घातला होता, कुणाचा घर बदलताना फुटला होता, एकीला तर आपण तो कधी घेतल्याचंच आठवेना. सतरा वर्षांपूर्वी ज्या बायांनी रांग लावली होती त्या आता दारातूनच हात हलवत. पाचव्या दिवशी च्याओ वहिनींनाच कणव आली. "मिठागरांकडे शिंगताई राहते. कताईतली, युनश्याच्या शेजारच्या साच्यावरची. ती काही टाकत नाही. नवरासुद्धा टाकला नाही तिने, म्हणजे बघा."

मिस्त्री सायकल काढून निघाले. समोरून वारा होता. शिंगताईंनी दार उघडलं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि "या" म्हणाल्या. कपाटावर बरणी होती. वर फडकं, खाली लालसर चहा, त्यावर चांगली बोटभर जाड आई. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

शिंगताईंनी पेला पुढे ठेवला. वास आला तसे मिस्त्री चमकले. मोगरा होता.

"तुम्हीही हाच पिता?"

"मला कुठला परवडतो. डबा युनश्याचा आहे. दर गुरुवारी प्यायची, थोडा उरलाय."

"गुरुवारी ती वैद्याकडे जायची," मिस्त्री म्हणाले. "सुया टोचून घ्यायला."

"कसल्या सुया! इथे यायची. या खुर्चीत. पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून तासभर बसायची, एक पेला मोगऱ्याचा प्यायची आणि जायची."

"मला का नाही सांगितलं? घरी होता की चहा. मी काय नाही म्हणालो असतो?"

"ते मला विचारू नका."

मिस्त्रींनी बरणीकडे बोट केलं. "आणि पोट दुखत असताना इथे हा होता तर, हा द्यायचा ना."

शिंगताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मिस्त्रींचं बोट आपोआप खाली आलं.

"मिस्त्री, आंबट आहे ते. पोटात जखम असताना आंबट घातलं तर काय होतं? जाळ व्हायचा तिला. शेवटची दोन वर्षं या बरणीला ती शिवली नाही."

"घरी रोज प्यायची. मी स्वतः द्यायचो."

"हो ना. तुम्ही द्यायचात म्हणून प्यायची." शिंगताईंचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी तिला शंभरदा म्हटलं, इस्पितळात जा. म्हणाली, 'दोनदा विषय काढला. हे म्हणाले, घरात हायबाओ असताना इस्पितळ कशाला? दुसऱ्या दिवसापासून पेला मोठा केला.'"

पेला मोठा केला होता हे खरं होतं. मिस्त्रींना तो पेलाही आठवला, निळ्या काठाचा. त्यांना म्हणायचं होतं, की मला वाटलं त्याने बरं वाटेल. त्यांनी मोगऱ्याचा पेला बाजूला सरकवला.

शिंगताई उठल्या. हात धुतले, आईपासून लेक अलगद सोडवली, वाडग्यात घातली, वरून थोडा जुना चहा ओतला आणि वाडगा रुमालात बांधून समोर ठेवला.

"न्या. तिच्याच बरणीतली आहे, तिनेच दिलेली."

"नको वाटतंय मला आता."

"मला तरी कुठे द्यावीशी वाटतेय," शिंगताई म्हणाल्या. "पण मागायला आलात. नाही म्हणायची रीत नाही."

मिस्त्रींनी वाडगा घेतला. परतीला वारा पाठीला होता, तरी ते सायकल हातात धरून चालतच आले, चहा सांडू नये म्हणून.

निंग आली, थडगं झाडून झालं, घरी येऊन तिने पहिला मोर्चा बरणीकडे वळवला. नव्या चहात लेक नुकती रुजली होती. निंगने चमचाभर पेल्यात घेऊन चाखलं आणि डोळे मिटले. "आईचंच," ती म्हणाली. "अगदी तसंच."

"सगळीच ने," मिस्त्री म्हणाले. "बरणीसकट."

"तुम्हाला नको?"

"नको. भुकटीच घाल, साधी. फुलं नाही. आणि पोट दुखलं तर हे प्यायचं नाही. त्याच दिवशी इस्पितळात जायचं."

निंग हसली. "तुम्ही पण ना बाबा! आई तर म्हणायची, पोटाला यासारखं औषध नाही."

"आई नाही म्हणायची," लुआन मिस्त्री म्हणाले. "मी म्हणायचो."

निंगचा हात फडक्याची गाठ बांधता बांधता थांबला. "म्हणजे?"

मिस्त्रींनी स्टूल ओढलं, लेकीच्या समोर बसले आणि शिंगताईंनी जे सांगितलं ते पहिल्यापासून, एक शब्द न गाळता सांगू लागले.