चाळीस चण्यांची लढाई

मला हा खेळ अजून नीट कळलेला नाही. शेवटी कोण जिंकलं तेही कोणी सांगत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या करी रोडच्या घरात गोष्ट सांगणारी माझी मुलगी. खेळणाऱ्या तिच्या चार मैत्रिणी, सगळ्या नोकरीवाल्या, एक रविवार आड जमणाऱ्या.

घोळ मोठ्या लढाईत व्हायचा. मुलीने चाळीस सांगाड्यांची फौज आणली होती. सांगाडे म्हणजे माझ्या डब्यातले काबुली चणे, जेवणाच्या टेबलावर मांडलेले. प्रत्येक चण्यासाठी ती वेगळा फासा टाकायची, बेरीज करायची, मग पुढचा चणा. चौघी नुसत्या बसून. त्यातली एक परळच्या इस्पितळात नर्स. तिने एकदा फोन बाजूला ठेवून सांगितलं, "सॉरी यार, मी ड्युटी बदलून घेते आणि इथे येऊन चणे बघते. पुढच्या वेळी मला धरू नकोस."

ती शाळेपासूनची मैत्रीण. ती गेली की बाकीच्या तिघीही हळूहळू गळणार, हे मुलीला ठाऊक होतं. दोन दिवस ती धड जेवली नाही. मग म्हणाली, "आई, तुझं डोकं आकड्यांत चालतं ना? माझी लढाई लवकर संपवून दे."

मी नियम विचारला. सांगाड्याचा वार लागायला फाशावर पंधरा किंवा वर पडायला हवं. म्हणजे विसात सहा, दहात तीन. "मग फासा हवाच कशाला? दहा चणे चालून आले की तीन वार लागले, असं धर." गणित चोख होतं. नर्सला 'शेवटचं एकदा ये' म्हणून बोलावलं.

लढाई खरंच पळाली. दहा आले, तीन वार. पुन्हा दहा, पुन्हा तीन. नर्सने जांभई दिली.

"काकू, ही आयडिया तुमची ना?"

"हो. चुकलं का काही?"

"चुकलं नाही. पण आता सांगाडे मारतायत असं वाटत नाही. लाइटचं बिल आल्यासारखं वाटतं."

मी गोंधळले. हळू चाललं तरी कंटाळा, झटपट झालं तरी कंटाळा. मुलगी मान खाली घालून चणे सरळ रेषेत लावत बसली.

मी पोहे आणले आणि वाढायला लागले. पोहे, मग खोबरं, मग लिंबू, मग पुढची बशी. नर्स उठली. "काकू, असं केलंत तर मी गार पोहे खाईन. द्या ते खोबरं." दुसरीने लिंबं घेतली, तिसरीने चमचे. आमच्या जुन्या चाळीच्या पंगतीत असंच असायचं. भातवाला वेगळा, वरणवाला वेगळा, मीठ-लिंबू पोरांकडे. एकट्यानेच सगळं वाढलं असतं तर पहिल्याचं जेवण उरकेपर्यंत शेवटचा ताटकळला असता.

मी मुलीला म्हटलं, "तू एकटीच का वाढतेस? प्रत्येकीला दहा चणे दे. जिचे तिने फासे टाकायचे, सगळ्यांनी एकदम, उजवीकडच्या मैत्रिणीवर."

बोलून गेले आणि लगेच काळजी वाटली. आपल्याच मैत्रिणीला कोण मारेल? या एकमेकींना वाचवतील, खोटे आकडे सांगतील. म्हणून मी पाठीमागे उभी राहून प्रत्येक फासा बघत होते.

कोणी काही लपवलं नाही. नर्सचे पहिल्याच फेरीत पाच वार लागले. "मर आता," ती उजवीकडच्या मैत्रिणीला म्हणाली.

"अगं, तू माझ्या बाजूची आहेस ना?"

"मी आहे. माझे चणे नाहीत."

तिसऱ्या फेरीला ती मैत्रीण खेळात आडवी झाली आणि पुढचा सगळा वेळ चौघी एकमेकींवर ओरडत होत्या. मी घड्याळ बघत होते. माझ्या दहात-तीनच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, जवळपास जुन्या पद्धतीइतकाच.

चपला घालताना नर्स म्हणाली, "आज पटकन संपलं, नाही?"

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी मला पंधरा चणे," ती मुलीला म्हणाली.

"दहाच मिळतील."

"बघते मी."

लिफ्ट खाली गेली. मुलीने चाळीस चणे मोजून वेगळ्या बरणीत भरले आणि ती बरणी वरच्या फळीवर ठेवली, मी उसळीसाठी भिजत घालू नयेत म्हणून. मी तिथेच उभी राहून विचारलं, "पण मग लवकर नक्की काय झालं?"

"आई," ती म्हणाली, "ती येतेय ना."