मामाने न फेकलेला ग्रेनेड

माझ्या मामाने एक ग्रेनेड फेकला नाही, याचा मला अभिमान आहे.

सुभेदार दिनकर. माझ्या आईचा मोठा भाऊ. काल गेला.

फौजेतल्या गोष्टी तो कधी सांगायचा नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. कॉलेजात लीडरशिपवर प्रोजेक्ट होता, तेव्हा मोठ्या उत्साहाने त्याच्यासमोर मोबाईलचा रेकॉर्डर लावला.

"मामा, लीडर कसा घडतो?"

"आधी चाय टाक गो. चायशिवाय कोण घडणा नाय."

एवढंच रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

आज सकाळी त्याचे फौजेतले जोडीदार जाधवकाका साताऱ्याहून चिंचपोकळीला, आमच्या चाळीत आले. गॅलरीत खुर्चीवर बसून त्यांनीच सांगितलं.

शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हाची गोष्ट. शहरातली अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना घरं. कुठल्या खिडकीतून गोळी येईल, सांगता येत नव्हतं.

त्यांचा हवालदार गोळी लागून पडला. त्याच्यानंतर सीनियर कोण? मामा. नुकताच लान्स नाईक झालेला, विशीतला पोरगा.

गोळी कोपऱ्यावरच्या घरातून आली, असं सगळ्यांना वाटत होतं.

"आम्ही पेटलो होतो, पोरी. ओरडत होतो, दिन्या, टाक आत! टाक!"

मामाच्या हातात ग्रेनेड. पिन काढायची बाकी.

आणि तो थांबला.

घराच्या बाजूला दोरीवर कपडे होते. पाणी ठिबकत होतं.

"म्हणाला, आत तान्हं बाळ आहे. आम्ही शिव्या घातल्या. म्हटलं, तुला काय स्वप्न पडलं का रे? तर म्हणे, ते लंगोट आहेत. आत्ताच धुतलेत."

सगळ्यांना भिंतीआड बसवून मामा एकटा दाराशी गेला. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हाका मारत राहिला.

दार उघडलं.

एक म्हातारी, तिची सून, आणि सुनेच्या कडेवर बाळ.

गोळी मारणारा मागच्या माडीवर होता. दुसऱ्याच घरात.

"पण इतक्या लांबून लंगोट कसे ओळखले, ते काय आम्हाला कळलं नाही," काका म्हणाले.

आई दारात येऊन उभी राहिली.

"माझे धुवायचा ना तो."

मिलचा संप झाला तेव्हा आई तान्ही होती. आजोबांचा पगार बंद. आजी दादरला धुणीभांडी करायला जायची. बाळ शाळकरी मामाकडे. शाळेआधी तो चाळीच्या नळावर लंगोट पिळायचा आणि बाकीची पोरं चिडवायची, "काय दिन्या, दूध पण तूच पाजतोस काय?"

मामा भांडायचा नाही. कपडे वाळत टाकून शाळेत पळायचा.

आई हे नेहमी हसत सांगते. आज तिला हसता येईना.

लोक म्हणतात, गरिबीने माणूस कठोर होतो. माझा मामा त्याच गरिबीतून सुभेदार झाला. फौजेतली पोरं त्याच्या एका शब्दावर उठायची म्हणे. का, ते मला आज कळलं.

निघताना काकांनी आणखी एक सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी मामाला विचारलं होतं, "दिन्या, तुझा अंदाज चुकला असता तर?"

"म्हणून तर तुम्हाला भिंतीआड बसवलं," मामा म्हणाला. "अंदाज माझा होता. दाराशी मीच जायला पाहिजे ना?"

नीट जा, मामा. आईजवळ मी आहे.