मोटारीची खांदमळणी

धुळाजीला स्वस्थ बसणं म्हणून कधी जमलं नाही. जेवायला बसला तरी एक डोळा गोठ्याकडं, देवळात गेला तरी मन दावणीला. धारूरच्या सुंदरराव देशमुखांकडं त्यानं मिसरूड फुटल्यापासून दमणी हाकली. दमणी म्हणजे घरच्या बायामाणसांची छपराची बैलगाडी. तिला देवणी बैलांची जोडी असायची आणि त्या बैलांच्या नुसत्या श्वासावरून धुळाजीला त्यांचं दुखलंखुपलं कळायचं. मालक त्याला धुळ्या म्हणत. अख्खं धारूर त्याला धुळ्याच म्हणे, आणि त्यात त्याला कधी वावगं वाटलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी मोटार आली, बघा.

परळीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि सुंदररावांनी सिकंदराबादच्या एका कंपनीची छोटी मोटार घेतली. पुढं दोघं, मागं दोघं, तेही अंग चोरून बसले तर. दमणीची जोडी नांगराला गेली आणि धुळाजीला सिकंदराबादला धाडलं, मोटार शिकायला. जो बैल आवरतो त्याला मोटार का आवरणार नाही, असा मालकांचा हिशेब. धुळाजी शिकला, नाही म्हणायला सोयच नव्हती. दमणी गेल्यावर वाड्यावर त्याच्याजोगतं दुसरं काम उरलं नव्हतं आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवा मालक कुठला मिळतो?

आता त्या मोटारीला होती एक वर्षाची ग्यारंटी. वर्षाच्या आत काही बिघडलं तर कंपनी फुकट नीट करून देणार. अटी दोनच. दर तीन महिन्यांनी मोटार परळीला आणायची, तिथं कंपनीचा मिस्त्री आगगाडीनं येऊन तिची सर्व्हिसिंग करणार, आणि मधल्या काळात आतल्या कशालाही दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. सुंदररावांनी या ग्यारंटीचं एवढं कौतुक केलं की विचारू नका. वेशीत, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत तोच विषय. "वरीसभर या मोटारीला मरण न्हाई," असं ते सांगत आणि ऐकणारे माना डोलवत. ग्यारंटी म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती, हे राहिलं बाजूला. ग्यारंटी आहे म्हणजे बिघडणारच नाही, असं मालकांनी मनाशी पक्कं धरलं.

पहिली सर्व्हिसिंग आषाढात झाली. वीरभद्र मिस्त्री बिदरकडचा, अंगानं किडकिडीत आणि कमी बोलणारा. त्यानं जुनं तेल खाली सोडलं, नवं भरलं, नटबोल्ट आवळले, ब्रेक बघितले. मग पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या टोप्या फिरवून काढल्या आणि आत काळसर वंगण बोटानं दाबून भरलं. धुळाजी शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. मोटारीचे खांदे ते हेच!

आणि मग आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. जुवाखाली वर्षभर घासलेले खांदे लोणी-हळदीनं चोळायचे आणि बैलाच्या कानात आवतण द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. धुळाजीनं नांगराच्या जोडीचे खांदे मळले. दुसऱ्याच्या हाताखाली गेलेली ती जोडी अजून त्याचा हात ओळखत होती, त्यानं त्याचा जीव गलबलला. तेवढ्यात मालकीणबाई, गीताबाई, लोण्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, या वर्षी ओझं मोटारीनंच ओढलंय, तिची पण खांदमळणी कर. बाईंच्या मनात होतं बाहेरून हळदीचं बोट लावायचं, दुसरं काय? पण धुळाजीला वरवरचं काम ठाऊक नव्हतं. त्यानं पाना घेतला, टोप्या फिरवून काढल्या, आतलं ते जुनं काळं वंगण, त्याला आता ती घाणच वाटली, चिंधीनं पुसून काढलं आणि वाटीभर लोणी हळदीसकट आत भरलं. टोप्या बसवल्या. मोटारीला कान नव्हते म्हणून दिव्यापाशी वाकून आवतण दिलं. किती तरी महिन्यांनी त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

झोप मोडायला चार-सहा दिवस पुरले. चाकं तापली, लोणी पातळ झालं आणि वाट मिळेल तिकडं झिरपलं. बाजाराच्या दिवशी शिवलिंगप्पा वाण्याच्या दुकानापुढं धुळाजीनं ब्रेकवर पाय दिला तर मोटार थांबायचं नाव घेईना. हाताचा ब्रेक ओढला तेव्हा कुठं ती रखडत जाऊन हौदाच्या कडेला टेकली. लोक हसले, धुळाजीही हसला, पाय घसरला म्हणाला. घरी येऊन चाकाच्या आतल्या अंगानं बोट फिरवलं तर बोट पिवळं. नाकाला लावलं, तर लोण्याचा वास.

तिथून त्याच्या जिवाला घोर लागला. सांगावं तर ग्यारंटी जाणार आणि तिच्याबरोबर आपणही जाणार. न सांगावं तर मोटारीत मालक बसतात, मालकीणबाई बसतात. लोणी पुन्हा काढावं तर पुन्हा टोप्या उघडायच्या, आणि आता पान्याला हात लावायचीही भीती. तो मोटार हळू हाकू लागला, उतार आला की आधीच गिअर पाडू लागला, थांबायचं ठिकाण दिसलं की लांबूनच हाताचा ब्रेक ओढू लागला. पायाचा ब्रेक पुढच्या चाकांना, हाताचा मागच्या चाकांना, सपाटीवर भागायचं. रात्री बाजेवर पडला की पाय आपोआप ब्रेक दाबायचे. शेवटी बायकोनं, कडूबाईनं, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ती फटकळ होती.

"सांगून मोकळं व्हा," ती म्हणाली. "कामावरनं काढतेल. काढू द्या. तुमच्या हातनं कुनी मेलं तर मंग कुटं जानार हाव?"

पटत होतं, अगदी पटत होतं. पण सकाळी मालकांसमोर उभा राहिला की फडकं घेऊन मोटार पुसायला वळायचा.

अशात दुसऱ्या सर्व्हिसिंगचा दिवस आला. वीरभद्र मिस्त्री परळीत येणार होता. धुळाजीनं मनाशी बेत केला, परळीपर्यंत कसंबसं न्यायचं, मिस्त्रीचे पाय धरायचे, गुपचूप नीट करून घ्यायचं. पण धारूरहून परळीला जायचं म्हणजे मोमिनाबादच्या पुढं घाट उतरावा लागतो. एकट्यानं गेलो तर रांगत रांगत उतरू, एवढाच त्याचा आधार होता. तोही गेला. मोटार काढली तर सुंदरराव जरीचा पटका बांधून तयार, आणि मागं गीताबाई पूजेचं ताट घेऊन. वैजनाथाचं दर्शन होईल, मोटारीचंही काम होईल.

मोमिनाबादपर्यंत रस्ता बरा होता. पावसानं उघडीप दिली होती, पिकं हिरवीगार, आणि मालक एवढे खुशीत की वाटेत भेटेल त्याला हात करत होते. धुळाजीच्या कानाला एक शब्द ऐकू येत नव्हता. मोमिनाबादेत चहाला थांबले तेव्हा तो मालकांपाशी दोनदा गेला आणि दोनदा पाणी पाहिजे का विचारून परत आला. सुंदरराव वैतागले, म्हणाले, अंगात मुंग्या शिरल्यात का रे तुझ्या?

घाटाच्या तोंडाशी त्यानं मोटार थांबवली. हाताचा ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. समोर रस्ता वळण घेऊन खाली गेलेला, कडेला दरी. मालकांनी विचारलं काय झालं, आणि मग एवढे दिवस अडकून पडलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. लोणी, हळद, टोप्या, हौद, सगळं.

सुंदरराव ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते चक्क हसले. म्हणाले, लोण्यानं कुठं मोटार बिघडती का, आणि बिघडली तरी ग्यारंटी आहे की! बस, चल, मिस्त्री वाट बघत असेल. धुळाजी जागचा हलला नाही.

"बस म्हनतो ना धुळ्या."

"न्हाई मालक."

उभ्या जन्मात या माणसानं मालकांना नाही म्हटलं नव्हतं. सुंदररावांचं हसू मावळलं.

"कावून न्हाई?"

"बिरेक लागत न्हाई, मालक. तुमी दोगं आत असताना मी ही घाटात घालनार न्हाई. मारा, काढून टाका, मी न्हाई हाकनार."

मग मात्र मालक पेटले. चारचौघांत ज्याच्या पुढं कुणी मान वर करत नाही, त्याला स्वतःच्या नोकरानं रस्त्यात नकार दिला! काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, आजपासून तुझं काम संपलं, चालता हो. धुळाजीनं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. आत इतका हलका झाला होता की त्याचं त्यालाच नवल वाटलं. एवढ्यात गीताबाई ताट सांभाळत खाली उतरल्या. त्यांनी काही वाद घातला नाही. खांदमळणी मीच सांगितली होती, मी चालत उतरते, एवढं म्हणून त्या चालू लागल्या. सुंदरराव एकटेच मोटारीत बसून राहिले, समोर घाट, आणि हाकायला कुणी नाही. बरंच बसले म्हणे.

मागून एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवान बंकट, परळीच्या अलीकडचाच शेतकरी. धुळाजीची नजर आधी बैलांवर गेली, सवयच ती. त्यानं विचारलं, मोटेचे बैल का? बंकट हो म्हणाला. मोटेचा बैल रोज विहिरीच्या धावेवर उलट्या पावलानं मागं सरतो, त्याला मागं चालायला शिकवावं लागत नाही. धुळाजी मालकांना काही विचारायला गेला नाही, आता कसला मालक! त्यानं बंकटला विनवलं, गाडी कडेला लावून बैल सोडवून घेतले, चढाकडं तोंड करून मोटारीच्या मागं जुंपले आणि सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, मोटारीच्या आसाला बांधला. मग सुंदररावांपुढं येऊन हात जोडले.

"तेवडं खाली उतरा. मोटार तुमची हाय, परळीला पोचवतो. मंग जातो."

सुंदरराव उतरले. मोटारीला बैल, तेही मागं! देशमुखाची अब्रू त्या घाटात पार धुळीला मिळाली. ते चाकाकडं न बघता, पटका सांभाळत, बायकोच्या मागं चालू लागले.

घाट उतरायला दुपार कलली. धुळाजी चक्र धरून आत बसला, बंकट बैलांच्या तोंडापाशी. बंकटनं हाळी दिली की बैल एकेक पाऊल मागं टाकायचे आणि मोटार तेवढीच खाली सरकायची. तिसऱ्या वळणाला रस्ता ओला होता. तिथं हाताच्या ब्रेकनं धरलेली मागची चाकं घसरली आणि मोटार एकदम दरीच्या अंगाला ओढ घेऊ लागली. सोल ताणला, करकरला. बैलांनी खूर रोवले, माना खाली घातल्या आणि धरून ठेवलं. धुळाजीच्या तोंडून हुंकार बाहेर पडला, बैलांसाठी टाकायचा तोच. पुढं चालणाऱ्या सुंदररावांनी मागं वळून हे सगळं पाहिलं.

परळीत स्टेशनाजवळ गर्दी जमली ती सांगायला नको. वीरभद्र मिस्त्रीनं बैलांकडं बघितलं, मालकांकडं बघितलं आणि चाक काढलं. आत सगळं पिवळंधमक, आंबूस वास मारणारं. चाक कुणी उघडलं, त्यानं विचारलं. धुळाजी पुढं झाला. मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, देशमुखसाब, मी धुऊनपुसून देतो, ब्रेकला नवे पट्टे टाकतो, पण ग्यारंटी आता गेली. कंपनीच्या नियमापुढं माझं काही चालत नाही.

सुंदररावांनी ग्यारंटीचं नाव काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, बसून उतरलो असतो तर?

"हाताच्या बिरेकवर?" मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला. "दुसऱ्या वळणापर्यंत पोचले असते, साब. तिसऱ्याचं काही सांगता येत न्हाई."

मालक स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. गीताबाई दर्शन करून आल्या आणि त्यांना अंगारा लावला. संध्याकाळच्या आत मोटार तयार झाली. वीरभद्रनं ती दोनदा फिरवून, थांबवून दाखवली. धुळाजी बाजूला लिंबाखाली उभा होता. चावी त्यानं मिस्त्रीकडं दिली होती आणि गाडी आणायला बैल घेऊन परत घाटावर निघालेल्या बंकटबरोबर कुठवर जाता येईल ते तो विचारत होता.

सुंदरराव उठले, मिस्त्रीकडून चावी घेतली आणि लिंबाखाली आले. चावी पुढं धरली. धुळाजीनं ती घेतली, पण मालकांच्या मनात काय आहे ते त्याला उमगेना. तो मोटारीपाशी गेला, दार उघडून आत बसला. एरवी मालक नुसतं "चल" म्हणत, तेही तोंड दुसरीकडं करून. आज ते शेजारी येऊन बसले, समोर घाटाकडं बघितलं, आणि थांबले.

"धुळाजी," ते म्हणाले, "जायचं का?"

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जायचं का, असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो खाली उतरला. एकेका चाकापाशी वाकला, आतल्या अंगानं बोट फिरवून पाहिलं. चारही चाकं झाली. मालक आत बसून वाट बघत होते.

मग तो आत येऊन बसला आणि म्हणाला, "जाऊ."