मणियारांच्या फटफटीचा नवा चिमटा

हिर्डोशीकडच्या गावांत बांगड्या भरायला निघाल्या की जोहराभाभींच्या मांडीवर बांगड्यांची पेटी असायची आणि तोंडात शिव्या. शिव्या नवऱ्याला नसत, फटफटीला असत. पण जलाल मणियार आणि त्यांची फटफटी वेगळी धरायची नसते, हे सगळ्या भोरला ठाऊक होतं.

फटफटी विलायती. जलालभाईंच्या अब्बांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर उघडी, मनगटाएवढी जाड स्प्रिंग, आणि मागचं चाक सरळ सांगाड्याला आवळलेलं. तिथं स्प्रिंग औषधालाही नव्हती. मडगार्डवर एक छोटी गादी होती. त्या गादीवर भाभींचा निम्मा संसार झाला होता.

माघात हिर्डोशीला, वाडीत जिचा शब्द चालायचा त्या सखूबाईंच्या पुतणीचा चुडा भरायचा होता. भाभींनी अंगणात पेटी उघडली आणि बघतात तर वाटेतल्या धक्क्यांनी हिरव्या बांगड्यांचा निम्मा चुरा. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण लग्नघरात निम्मी पेटी वाढलेली बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. उरलेल्या मिळून-जुळून कशाबशा भरल्या. एका हातावर गर्द हिरवा, दुसऱ्यावर पोपटी.

सखूबाईंनी ओरडा केला नाही. निघताना शांतपणे एवढंच म्हणाल्या, "वैशाखात माझ्या मंगलचं लगीन हाय, भाभी. तवा बी असंच झालं, तर म्या घाटाखालनं महाडचा कासार बोलवीन."

सखूबाईंनी कासार बदलला की वाडी बदलणार, वाडी बदलली की सगळं खोरं. भाभींच्या सासूबाई बैलगाडीतून जाऊन त्या खोऱ्यात बांगड्या भरायच्या. तिथल्या तीन पिढ्यांची मनगटं या घरानं दाबलेली. भाभींना परतीच्या वाटेवर रडू येत होतं, आणि पुढं बसलेले जलालभाई मात्र विचारात होते. भोर आलं तेव्हा त्यांनी मान वळवली.

"पुढचा चिमटा बदलायला पायजे."

"आणि मागचं?"

"मागं काय झालंय?"

"मागं मी बसते."

त्यावर ते हसले. भाभी हसल्या नव्हत्या.

मग कापूरहोळच्या चकरा सुरू झाल्या. तिथं हायवेला बंडूचं गॅरेज होतं. बंडूनं गाडी पाहून आधी हात जोडले. जुन्या जमान्याची गाडी आहे काका, तशीच राहू द्या, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. जलालभाईंनी ऐकलं नाही. भंगारातून एका नव्या जपानी गाडीचा चिमटा निघाला, दोन नळ्यांचा, आत स्प्रिंग आणि ऑइल असलेला. तो बसवायला गेले तर त्याची दांडी बारीक. लेथवाल्याकडून कडं करून घेतलं, तर बेअरिंगचे छर्रे बसेनात. छर्रे बसले, तर हॅन्डल वळवलं की टाकीला लागायचं. प्रत्येक वेळी जलालभाई काळ्या हातांनी घरी यायचे आणि जेवताना चिमट्याबद्दल बोलायचे. भाभी प्रत्येक वेळी भाकरी वाढताना सांगायच्या की धक्का खालनं येतो, माझ्या खालनं. ते म्हणायचे, मशीनचं तुला कळत नाही, पुढचं चाक खड्ड्यात आधी जातं. भाभी म्हणायच्या, आधी जातं म्हणजे एकटंच जातं का? एवढं बोलून त्या चुलीकडे वळायच्या. भिंतीशी बोलल्याचं समाधान तरी मिळायचं.

शेवटी चिमटा बसला. रोजच्या बांगड्यांची पेटी टाकीवर बांधून जलालभाई एकटे भाटघरच्या धरणापर्यंत जाऊन आले. पेटी उघडली. एक बांगडी वाढली नव्हती. त्यांनी शेजारपाजार गोळा केला. पुढचा ब्रेक धरून चिमटा दाबून दाखवला, मुंडी खाली जाऊन मऊपणे वर यायची. सगळ्यांनी एकेकदा दाबून पाहिला. बंडूनंसुद्धा कबूल केलं की काम झकास झालंय. भाभींनाही वाटलं, असेल बाबा. आपल्यालाच कळत नसेल.

मंगलच्या चुड्याच्या दिवशी सकाळी पेटी कुठं ठेवायची, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही. लग्नाचा चुडा कासारणीनं मांडीवर घेऊन जायचा, लोखंडावर ठेवायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त. भाभी मागं गादीवर बसल्या, पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हात वरून आवळले.

भोर सुटलं आणि डांबर उखडलं. पुढचं चाक खड्ड्यात उतरायचं, चिमटा लोण्यासारखा खाली जायचा, जलालभाई हॅन्डलवर पिसासारखे तरंगायचे. मग मागचं चाक उतरायचं आणि भाभींचे दात वाजायचे. दातांबरोबर पेटीत खळ्ळ व्हायचं.

"अवो, थांबा."

"काय झालं? चिमटा कसला चाललाय बघ."

"थांबा म्हणते."

झाडाखाली गाडी उभी राहिली. दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांची वरची एक जादा माळ गेली होती, बाकी अजून शाबूत होत्या. हिर्डोशी अजून बरंच लांब. एसटी संध्याकाळची. भाभींनी फुटलेले तुकडे पदरात घेतले, पेटी बंद केली आणि नवऱ्यासमोर धरली.

"टाकीवर बांधा."

जलालभाई दचकले. "चुडा हाय, जोहरा. लोखंडावर? अम्मी काय म्हणायची?"

"अम्मी बैलगाडीतनं जायच्या. गाडीत पेंढा असायचा अन् गाडीवान शहाणा असायचा."

"आगं, पण..."

"तुमी त्या दिशी पेटी कुठं ठेवून धरणावर गेला होता?"

जलालभाईंनी टाकीकडे पाहिलं, मग गादीकडे, मग बायकोकडे. पेटी मुकाट्यानं घेतली. भाभींनी आपली शाल घडी करून टाकीवर अंथरली, म्हणजे लोखंडाला चुडा लागला असं सासूबाईंनाही म्हणता येऊ नये. मग रिकाम्या मांडीनं त्या गादीवर बसल्या आणि हिर्डोशीपर्यंत प्रत्येक खड्डा एकटीनं झेलला.

सखूबाईंच्या अंगणात पेटी उघडली. झाडापासून पुढं एकही वाढली नव्हती, चुडा अखंड. सखूबाईंनी एकेक माळ उन्हात धरून पाहिली आणि मंगलला पाटावर बसवलं. भाभींनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपली बोटं थरथरताहेत. वाटभर गादी आवळून बोटांना जीवच उरला नव्हता. नवरीच्या हातावर पहिलीच बांगडी वाढली असती, तर महाडचा कासार उद्याच आला असता.

भाभींनी बांगडी खाली ठेवली. आधी चहा टाका, म्हणाल्या. चहा आला. भाभी तो पीत नाहीत म्हणून बायका बघायला लागल्या, पण त्या नुसत्याच गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून बसल्या. मंगलला सासर कसं आहे, दीर किती आहेत, विचारत राहिल्या. बोटं गप झाल्यावर तिचा पंजा मिटवला, दाबला आणि पहिली बांगडी अलगद मनगटावर उतरवली. मग दुसरी. सगळा चुडा होईपर्यंत अंगणात एकही बांगडी कच्च वाजली नाही.

सखूबाईंनी पसाभर तांदूळ आणि खण भाभींच्या ओटीत घातला. "धाकटीच्या टायमाला बी तुमीच या," म्हणाल्या. भाभींनी मान हलवली. 

मांडवाबाहेर जलालभाई पुरुषांच्या घोळक्यात चिमटा दाबून दाखवत होते. एवढ्या खराब रस्त्यानं चुडा आणला, एक बांगडी हलली नाही, सगळी करामत या नळ्यांची. कुणीतरी विचारलं, मागं का नाही बसवल्या? जलालभाईंनी चिमटा सोडला. मग म्हणाले, तेच डोक्यात आहे, मलाच सुचलंय परवा.

भाभींनी ते ऐकलं. त्यांनी रिकामी पेटी उचलली, शाल झटकून खांद्यावर टाकली आणि सखूबाईंना विचारलं, संध्याकाळची एसटी कुठं थांबते?

"एसटी कशाला, भाभी? गाडी हाय की."

"हाय," भाभी म्हणाल्या, "पण ती त्यांची हाय." आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागल्या.