बंटीच्या नावावरचे गोल

"काढ ती जर्सी. सरळ त्या बादलीत टाक. फिनेल घातलंय. बाकीच्यांच्या कपड्यांत मिसळू नकोस."

जिमखान्याचा सेक्रेटरी बोलला हे. फुटबॉलची सेमीफायनल नुकतीच संपलेली, दोन्ही गोल माझे. मी उघडाबंब उभा. शेजारून त्याचा भाचा बंटी इस्त्रीची नऊ नंबरची जर्सी घालून फोटोला गेला. लाउडस्पीकरवर अख्खी मॅच त्याचंच नाव ओरडत होते.

अंधेरीच्या त्या जिमखान्यात ही रीतच होती. क्लबहाउसात रंगीत टीव्ही नवाच आलेला, मेंबर त्याच्यासमोर पसरलेले. टीममध्ये फक्त मेंबर चालणार, पण त्यांना पळता कुठे येतंय? मग बाहेरचा पोरगा आणायचा आणि मेंबरच्या नावावर खेळवायचा. सगळ्यांना ठाऊक, बोलणार कोण? "पुढच्या सीझनला तुझ्याच नावावर खेळवतो," सेक्रेटरी म्हणायचा. दरवेळी हेच गाजर. मी येडा, पळत राहिलो.

पळणं मला घाटकोपरच्या डोंगरानं शिकवलं. आमच्या वस्तीत खेळायला नुसता उतार, खाली नाला. ज्याच्याकडून बॉल नाल्यात जाईल त्यानंच घाणीत उतरून काढायचा, हा आमचा कायदा. माझा बाप म्युनिसिपालटीत गटारं उपसायचा. मी ठरवलेलं, आपण नाही उतरायचं. म्हणून बॉल लांब मारायचो आणि त्याच्या आधी खाली पोचायचो. मैदानातही तेच. अडवायला आलेल्या बॅकच्या एका अंगानं बॉल पुढे सारायचा, दुसऱ्या अंगानं आपण सुटायचं. तो वळेपर्यंत मी गोलापाशी.

फायनलच्या दिवशी सकाळी कळलं. मुंबईच्या ज्युनिअर टीमसाठी पोरं निवडणारे सेमीफायनलला येऊन गेले होते. त्यांनी नऊ नंबर उचलला. म्हणजे बंटी! पाय माझे, निवड त्याची. तिथं नुसता बाकावर बसला तरी त्याला सर्टिफिकेट मिळणार होतं, कॉलेजात सीट मिळणार होती. त्याच कागदावर मला नोकरी लागली असती, बापाचा हात गटारातून निघाला असता.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच्या नावावर पळतोस. उद्या मेलास तर मी रडू कुणाच्या नावानं?"

डोक्यात सणक गेली.

फायनल. बरोबरी. शेवटची मिनिटं. बॉल पुढे सारला, दोन बॅक मागे टाकले, गोलकीपर चिखलात आडवा. समोर रिकामा गोल. लाउडस्पीकर आधीच बोंबलायला लागला, "बंटी! बंटी!" मी गोललाइनवर बॉल पायाखाली दाबला आणि थांबलो. मागून येणारे बॅकसुद्धा चक्रावून उभे राहिले.

"मार ना रे, भडव्या!" सेक्रेटरी किंचाळला.

"माझं नाव घ्या. लाउडस्पीकरवर. मग मारतो."

"आपल्या पायरीनं राहा!"

बस्स. वळलो, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बॉल कुंपणापलीकडे हाणला. पलीकडे नाला होता, त्यांच्याच संडासांचा. घामानं निथळती जर्सी काढली आणि बाहेर नटून बसलेल्या बंटीच्या तोंडावर फेकली.

"नऊ नंबर तुझा ना? मग बॉलही तूच काढ. उतर नाल्यात."

शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी गोल मारला, जिमखाना हरला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या वर्षी एकाही क्लबनं मला दारात उभं केलं नाही. नोकरीची आशाही गेली ती गेलीच. मी डोंगरावरची पोरं गोळा केली, वस्तीच्या नावानं टीम काढली आणि पहिली मॅच त्याच जिमखान्याशी मागून घेतली.

माफी नाही. पायात पळ आहे तोवर त्यांच्याच जाळीत गोल मारणार. आणि प्रत्येक गोलानंतर त्या लाउडस्पीकरवाल्यापुढे जाऊन उभा राहणार. माझं नाव त्याच्या तोंडून निघेपर्यंत तिथून हलणार नाही.