पुलाखालची फिकट खडी

हट्टी आहे मी, आधीच सांगून टाकते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, आणि सुट्टी मिळाली की शहराबाहेरच्या नदीत मांडीभर पाण्यात उभी राहून मासे पकडायचे. पिसांची खोटी माशी दोरीला बांधायची, पाण्यावर अलगद टाकायची, मासा लागलाच तर ओल्या हातानं धरून परत सोडायचा. ऐन थंडीत तिथे ग्रेलिंग नावाचा मासा मिळतो. नदीच्या त्या पट्ट्यात मासेमारीचा हक्क एका क्लबचा आहे आणि मी त्या क्लबची मेंबर होते. आता नाही. ते का, तेच सांगायचंय.

त्या हिवाळ्यात आई मालवणहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिचे वडील होडीवाले, त्यामुळे मासा सोडायचा ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरेना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काठावरून म्हणाली, "खुळावलंस काय गो? गावलेलो मासो कोण सोडता?" पण पुढच्या शनिवारी स्वतःच थर्मास भरून तयार बसली.

डिसेंबरातली सकाळ होती. पायपुलाजवळच्या उथळ पाण्यात मी उभी होते. क्लबतर्फे नदीची देखभाल करणारे एक आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, पुलावर आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आहात तिथून सरळ मागे या. बाजूला पाय टाकू नका." वर आल्यावर त्यांनी बोटानं दाखवलं. नदीचा तळ सगळा शेवाळलेला, काळपट, आणि मधेच चटईएवढा तुकडा फिकट, घासून काढल्यासारखा. सामन माशाची मादी समुद्रातून उलट्या प्रवाहात इथवर येते, नोव्हेंबर-डिसेंबरात शेपटीनं खडी उकरते, अंडी घालते आणि वरून परत खडी लोटते. हे तिचं घरटं. जंगली सामन या नदीत आता फार थोडे उरलेत. आणि त्या फिकट खडीच्या कडेला माझ्या बुटांचे दोन खड्डे पडले होते.

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आईला सगळं समजावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "गाबोळीर पाय दिलंस?" आणि थर्मास न उघडताच गाडीत जाऊन बसली. आता हीच बाई बाजारात माशाचं पोट दाबून, आत अंड्यांची गाबोळी असलेलाच मासा टोपलीत टाकायची. मीही ती तळलेली गाबोळी आयुष्यभर मिटक्या मारत खाल्लीय. साधुसंताचा आव मला आणायचा नाही. पण खाणं वेगळं आणि नुसत्या मजेपायी तुडवणं वेगळं, एवढं मला कळतं.

जानेवारीत क्लबची मीटिंग होती, पबच्या मागच्या खोलीत. मी उठून प्रस्ताव मांडला: पुलाजवळच्या पट्ट्यात, पिल्लं खडीतून बाहेर येईपर्यंत, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत, कुणीही पाण्यात उतरायचं नाही. चेअरमन हसले. खडीचा रंग कशानंही बदलतो म्हणाले, ते घरटंच आहे हे कशावरून? आणि आमचे मेंबर जपूनच चालतात.

"मीही जपूनच चालत होते," मी म्हटलं. "तरी त्यावर उभी राहिले. मुद्दाम तुडवणं गुन्हा आहे, पण दिसलं नाही म्हटलं की विषय संपतो. म्हणून उतरूच नका."

मागून कुणीतरी गमतीनं विचारलं, तुमच्याकडे काय करतात मग? मला राग आला आणि तो मी लपवला नाही. सांगितलं, आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवतात. दर्या खवळलेला असतो हे आहेच, पण माझे आजोबा म्हणायचे, मासे पोटुशी असतात, त्यांना त्यांचं करू द्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत होडी पाण्यात नाही. त्यांचं घर मासळीवर चालायचं आणि ते थांबायचे. तुम्ही शनिवारी विरंगुळा म्हणून येता, तुम्हाला थांबता येत नाही?

मत घेतलं तेव्हा हात माझ्या बाजूनं दोनच वर गेले. एक माझा, एक बस ड्रायव्हर आजोबांचा.

मग मी गळ घरी ठेवला. दर शनिवारी, रविवारी आई आणि मी पुलावर उभ्या. आईच्या अंगावर माझा जुना पार्का कोट, डोक्याला मफलर. कुणी त्या बाजूनं पाण्यात उतरायला लागलं की मी सांगायची, पुढे घरटं आहे, कृपा करून वळसा घ्या. बहुतेक जण वळसा घ्यायचे, काही कपाळाला आठ्या घालून. एकदा चेअरमन स्वतः आले आणि माझं ऐकूनही पाण्यात उतरून सरळ घरट्याकडे निघाले. आईला इंग्लिश येत नाही. तिनं कठड्यावरून वाकून दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. ते थांबले, वर बघत राहिले, मग काठावर चढले. चेहरा लाल झाला होता.

आठवड्यानं पत्र आलं. इतर मेंबरांच्या मासेमारीत व्यत्यय आणल्याबद्दल लेखी माफी मागा, नाहीतर मेंबरशिप रद्द. मला ती नदी प्राणापलीकडे आवडते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तसं लिहिलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग मी मेंबरशिपचं कार्ड पाकिटात घातलं आणि सोबत एकच ओळ लिहिली: "माफी मी त्या माशाची मागितली आहे, तुमची मागणार नाही." पुलावरून पब्लिक फुटपाथ जातो. तिथे उभं राहायला कुणाचं कार्ड लागत नाही.

मार्चमध्ये आई परत गेली. एप्रिलच्या शेवटी बस ड्रायव्हर आजोबांनी फोन करून बोलावलं. काठाशी, संथ पाण्यात, बोटाच्या पेराएवढं काहीतरी हलत होतं. नीट बघितल्यावर डोळे दिसले; सामनची पिल्लं होती. आमच्याच घरट्यातली होती का, कुणी सांगू शकत नाही. माझ्या बुटाखाली किती गेली, तेही नाही. मी पुलावर बसून रडले, आजोबांसमोरच.

व्हिडिओ आईला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. मला वाटलं, कौतुक करेल.

"इतकुशी?" ती म्हणाली. "मगे नोव्हेंबराचा तिकीट काढ माझा. त्या पुलार तू एकटी किती उभी रवतलंस?"