छपराखालची छत्री

स्टँडवर आली की ती आधी पाटी खाली ठेवायची. मग दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून "आई गं" म्हणायची आणि छत्री उघडायची. काळी, मोठी, पुरुषांची असते तशी छत्री. वर पत्र्याचं छप्पर, तरी ही बाई छत्री उघडून बसायची. तीही डोक्यावर नाही, पाठीमागे तिरकी टेकवून.

उकडलेल्या शेंगा आणि पेरू विकायची. बेलापूरच्या पहिल्या गाडीने यायची. मी त्याच स्टँडवर झाडू मारते. सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. नाव कधी विचारलं नाही. मला असं कुणाला काही विचारायला जमत नाही.

कंडक्टर लोक तिची चेष्टा करायचे.

"मावशी, छपराखाली ऊन लागतंय का?"

"ऊन न्हाई बाबा. कबुतरं हागत्यात."

सगळे वर बघायचे. पत्र्याखाली कबुतरं खरंच असायची. मलाही बरेच दिवस तेच खरं वाटलं. तिच्या मागे कोपऱ्यात सिमेंटचा एक बाक होता. मी तिथे झाडायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं कोपरा. मागनं कवातरी झाड." मला वाटायचं, हिला गुडघ्यांमुळे उठायचा कंटाळा येत असेल. मी पुढे जायची.

तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून बरोबर आणायची. एवढ्या माणसांत तिला पदराखाली घ्यायची मला फार लाज वाटे. फिनेलचे डबे ठेवायची एक अंधारी खोली आहे, तिथे घेऊन बसायची. त्या वासाने पोरगी तोंडच लावायची नाही. रडून रडून झोपी जायची. मग मी बाटली आणली. बाटलीने तिला जुलाब लागले. अंगणवाडीत वजन केलं तेव्हा बाई म्हणाल्या, "काटा काही सरकला नाही गं. मागच्या महिन्यात होता तिथंच आहे." घरी येऊन मी झोपलेल्या पोरीची मांडी चिमटीत धरून बघितली. नुसती कातडी हातात आली.

दुसऱ्या दिवशी मावशीने बाटली बघितली.

"तुला दूध न्हाई व्हय?"

आहे, अशी मी मान हलवली.

"मग?"

मी गाड्यांकडे बघितलं, माणसांकडे बघितलं. तेवढ्याने तिला कळलं.

"आसं व्हय. मग आज झाडता झाडता मोज बरं. किती बाया पाजत्यात ते दुपारी सांग मला."

"हितं कोन पाजतंय मावशी? मला तर कवा दिसलं न्हाई."

"पदराकडं बघशील तर न्हाई दिसायचं. पाय बघ. बारके पाय."

तुम्हीही कुठल्या तरी स्टँडवर तासन्‌तास बसला असाल. आठवून बघा, तुम्हाला दिसलं होतं का? मी तर दोन वर्षं तिथे झाडत होते.

त्या दिवशी खांबाला टेकलेली एक बाई दिसली. पदरातून दोन तळवे बाहेर, एकमेकांवर घासत होते. राहुरीच्या गाडीत खिडकीला एक पैंजण हलत होता. ऊसतोडीला निघालेल्या दोघी बोचक्यांवर बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर पोरं, आणि त्या भाकरी खात भांडत होत्या. पर्स घेतलेली एक मॅडम होती, तिच्या ओढणीखालून लाल मोजा लोंबत होता. एक बुरख्यातली, अकोल्याच्या गाडीची चौकशी करत उभी होती. पोर उभ्या उभ्याच पीत होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ज्याला त्याला आपल्या गाडीची काळजी. आणि त्या सगळ्या बाया इतक्या दमलेल्या होत्या, की लाजायलाही त्यांच्या अंगात बळ नसावं, असं मला वाटलं.

नऊपर्यंत मोजलं. मग माझी पोरगी रडायला लागली.

"आली का भूक? ये, हिकडनं ये," म्हणून मावशीने छत्री जराशी वर केली. मागच्या बाकावर दहावी बसली होती. तिने सरकून मला जागा दिली.

किती वेळ बसले माहीत नाही. बाहेरून मावशीचा आवाज येत होता. एक माणूस शेंगा घेता घेता वाकून बघत असावा. ती म्हणाली, "भाऊ, शेंगा हिकडं हायत." आणि छत्री त्याच्या बाजूला कलली. माझ्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. पोरगी मात्र दमादमाने पीत होती. तिच्या घशाचा आवाज मला ऐकू येत होता.

नंतर मी म्हटलं, "मावशी, छत्री लाजंसाठी हाय व्हय?"

"लाज कसली आलीय त्यात? बाई पहाटंपास्नं राबलेली आसती. घटकाभर तरी तिला कुनाचं त्वांड बघायला लागू नये, म्हून."

मग दर महिन्याला ती विचारायची, "काटा सरकला का?" ज्या दिवशी मी "सरकला" म्हटलं, त्या दिवशी तिने पाटीतला एक पेरू काढून स्वतःच खाल्ला. तिला पेरू खाताना मी तेवढंच एकदा बघितलं.

तिच्या छत्रीमागे, दुपारी कोणी नसलं की, मीही नुसती बसायची. मुलगी चालायला लागली तरी. मावशीची पाठ दुखायची, पण ती मागे टेकायची नाही. मागे बाई असायची ना.

संध्याकाळी छत्री माझ्या फिनेलच्या खोलीत ठेवून जायची. "न्यायचं वझं नको बाई," म्हणायची. यंदा उन्हाळ्यात एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बेलापूरच्या गाडीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "ताई, मावशी गेल्या. झोपेतच." एवढं सांगून तो चहाला गेला. मी झाडू मारत राहिले. त्या दिवशी कोपराही झाडला. बाकाखाली शेंगांच्या टरफलांत एक इवलासा मोजा सापडला.

पुढचे काही दिवस त्या बाकावर कोणी बसेना. बाया यायच्या, बघायच्या, पुढे जायच्या. मग एक आली. पोर ओरडत होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभी. माझे पाय भरून आले होते. खोलीतून छत्री आणली. तिच्या दोन काड्या मोडल्या आहेत. उघडून, मावशी बसायची त्या खोक्यावर बसले आणि तिला म्हटलं, "ये, हिकडनं ये."

बेलापूरचा कंडक्टर समोरून चालला होता. थांबला.

"काय ताई, छपराखाली ऊन लागतंय का?"

इतक्या वर्षांत मी कुठल्याच कंडक्टरला उत्तर दिलेलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं. "कबुतरं हागत्यात."

तो वर बघत राहिला.